भूमितीचे अक्षर आणि कवितेचा देह : 'फ्युचुरा' या ठळक टाइपाची घडण व उपयोग

१. प्रश्नाची मांडणी

फेर्दिनां द सोस्यूर यांच्या मृत्यूनंतर १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात लेखनाविषयीचे एक विधान जाता जाता येऊन जाते. अक्षर पांढऱ्याने काढले की काळ्याने, ते खोदले की उठवले, लेखणीने लिहिले की छिन्नीने, यामुळे त्याच्या अर्थात काही फरक पडत नाही, असा त्या विधानाचा आशय आहे. चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या भेदातून सिद्ध होते. ते ज्या द्रव्यातून घडले त्या द्रव्याशी त्याचा संबंध नाही, हे सोस्यूर यांच्या एकूण भूमिकेशी सुसंगतच आहे. साहित्याच्या अभ्यासाने ही भूमिका, फारसा विचार न करता, आपलीशी केली. संहिता म्हणजे शब्दांचा क्रम. तो कोणत्या खिळ्यांत जुळवला हा छापखान्याचा प्रश्न, समीक्षेचा नव्हे, अशी समजूत त्यातून रूढ झाली. पुढे जेरार जेनेत यांनी १९८७ साली शीर्षक, मुखपृष्ठ, प्रस्तावना इत्यादी घटकांना संहितेच्या उंबरठ्यावरचे घटक म्हणून अभ्यासविषय केले आणि त्यांत मुद्रणालाही जागा दिली. परंतु उंबरठा झाला तरी तो घराच्या बाहेरच राहतो. अक्षराचे दृश्य रूप हे संहितेच्या आत असू शकते काय, हा प्रश्न त्या मांडणीतूनही पुरता सुटत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एखादा अलंकृत, नक्षीदार टाइप निवडणे सोपे आहे. अशा टाइपाचे रूप डोळ्यांत भरतेच. खरी कसोटी लागते ती ज्या टाइपाने स्वतःचे रूपच नाकारण्याचा दावा केला त्याच्या बाबतीत. पाउल रेनर यांनी रेखाटलेला आणि १९२७ साली फ्रांकफुर्ट येथील बाउअर ओतशाळेने विक्रीस आणलेला 'फ्युचुरा' हा असा टाइप आहे. वर्तुळ, त्रिकोण आणि चौरस यांच्यापासून घडलेले, कोणत्याही हाताची, प्रांताची वा परंपरेची खूण न बाळगणारे अक्षर, अशी त्याची ख्याती. या ख्यातीवर सर्वाधिक विश्वास टाकला तो मुद्रकांनी नव्हे, कवींनी. १९५०च्या दशकात ब्राझीलमधील साओ पाउलो येथील 'नोइगांद्रेस' गटाच्या कवींनी आपल्या काँक्रीट कवितेसाठी याच टाइपाचे ठळक वजन जवळजवळ एकमेव साधन म्हणून स्वीकारले. ही भूमिती प्रत्यक्षात कशी घडली आहे, कवितेने तिच्यापासून काय मिळवले, आणि अशी कविता लिपी ओलांडून देवनागरीत यावयाची झाल्यास काय उरते, या तीन मुद्द्यांचा विचार येथे अभिप्रेत आहे.

२. भूमिती आणि डोळा

रेनर (१८७८–१९५६) यांचा पिंड चित्रकाराचा होता आणि उपजीविका ग्रंथसजावटीची. म्युनिकच्या गेओर्ग म्युलर या प्रकाशनसंस्थेसाठी त्यांनी अनेक वर्षे पुस्तकांची मांडणी केली. ती मांडणी पारंपरिक वळणाची होती. बाउहाउस या कलाशाळेशी त्यांचे नाव नेहमी जोडले जाते, परंतु ते त्या संस्थेत कधीच नव्हते. १९२४ मध्ये प्रकाशक याकोब हेग्नर यांनी त्यांच्याकडे काळाला साजेशा टाइपाची अपेक्षा व्यक्त केली आणि रेनर यांनी 'आपल्या काळाचा टाइप' या अर्थाचे जर्मन शब्दच प्रथम रेखाटून पाहिले, हा प्रसंग टाइपाच्या इतिहासात नोंदलेला आहे. प्रथम रेखाटलेला मजकूर हाच टाइपाचा कार्यक्रमही होता. पुढे बाउअर ओतशाळेने त्याच शब्दांनी त्याची जाहिरात केली.

त्या काळच्या जर्मनीत अक्षराची निवड ही निव्वळ रुचीची बाब नव्हती. फ्राक्टुर हे तुटक, टोकदार वळण जर्मन आणि रोमन वळण परकीय, अशी वाटणी शतकानुशतके चालत आली होती. दोन्ही पक्षांचे अक्षर लेखणीतून उतरलेले होते; एकाची लेखणी मठातली, दुसऱ्याची इटालियन विद्वानाची, एवढाच भेद. रेनर यांनी हा वाद लेखणीच काढून घेऊन संपवू पाहिला. कंपास आणि पट्टी यांना मातृभाषा नसते, हा त्यामागचा युक्तिवाद होता.

परंतु टाइपाचे बारकाईने निरीक्षण केल्यास हा युक्तिवाद दोन ठिकाणी स्वतःलाच छेद देताना दिसतो. पहिले ठिकाण कॅपिटल अक्षरांचे. फ्युचुराचा 'ओ' वर्तुळाकार व रुंद, तर 'इ', 'एफ', 'एल' आणि 'एस' ही अक्षरे सुमारे अर्ध्या चौरसात बसणारी, अरुंद. ही प्रमाणे भूमितीने सांगितलेली नाहीत. ती रोमन शिलालेखांतली आहेत. इतिहास नाकारणाऱ्या टाइपाच्या कॅपिटल अक्षरांत जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची छिन्नी अशा रीतीने शिल्लक आहे. स्मॉल अक्षरे मात्र रेनर यांनी खरोखर नव्याने रचून पाहिली. आरंभीच्या आराखड्यांत 'आर' हे अक्षर म्हणजे एक दंड आणि त्याशेजारी एक सुटा ठिपका होता. 'एम' आणि 'एन' यांना चौकोनी खांदे होते. 'जी' वर्तुळ आणि कोन यांच्या जोडणीतून उभा राहिला होता. वाचकाची सवय आणि ओतशाळेचा व्यवहार यांच्यापुढे ही रूपे मागे पडली. विक्रीत आलेला टाइप म्हणजे शुद्ध प्रमेय आणि रूढ वाचन यांच्यातील तडजोड होती.

दुसरे ठिकाण रेषेच्या जाडीचे आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे. आडवी आणि उभी रेषा मोजून सारख्या जाडीची काढली तर डोळ्याला आडवी रेषा अधिक जाड भासते. कंपासाने काढलेले वर्तुळ शेजारच्या चौरसापेक्षा लहान वाटते. वर्तुळ दंडाला जिथे भिडते तिथे शाई साचल्यासारखा काळा डाग दिसतो. फ्युचुरात या प्रत्येक भ्रमाचा बंदोबस्त केलेला आहे : आडव्या रेषा किंचित बारीक, वर्तुळ ओळीच्या किंचित वर आणि खाली गेलेले, सांध्यापाशी रेषा निमुळती. टाइप भौमितिक दिसावा म्हणून भूमिती ठिकठिकाणी मोडलेली आहे.

ठळक वजनात हा प्रकार टोकाला जातो. रेषा जाड होत गेली की अक्षराच्या पोटातील पोकळी आक्रसते. बाहेरील वर्तुळ आणि आतील पोकळी हे दोन्ही एकाच वेळी शुद्ध वर्तुळ राहू शकत नाहीत. 'ए' आणि 'इ' या स्मॉल अक्षरांत तर दंडाला, आडव्या पट्टीला आणि पोकळीला मिळून जागा अपुरी पडते. परिणामी ठळक फ्युचुरा हा हलक्या फ्युचुराचा नुसता फुगवलेला अवतार नाही. तो वेगळ्या प्रकारचा पदार्थ आहे. हलक्या वजनात डोळा रेषेचा माग काढतो, अक्षर 'लिहिल्यासारखे' वाचतो. ठळक वजनात रेषा उरत नाही, वस्तुमान उरते. अक्षर कागदावर ठेवलेल्या वस्तूसारखे दिसू लागते, आणि त्याच्या आतील व बाहेरील पांढरी जागा काळ्या भागाइतकीच बोलकी होते. शीर्षक, फलक आणि भित्तिपत्रक यांसाठी हे वजन घडले. सलग मजकुराच्या वाचनासाठी ते गैरसोयीचे आहे. मात्र हीच गैरसोय पुढे कवितेच्या उपयोगी पडली.

३. साओ पाउलोची निवड

अगुस्तो द कांपोस, आरोल्दो द कांपोस आणि देसियो पिन्यातारी यांनी १९५२ मध्ये 'नोइगांद्रेस' हा गट आणि त्याच नावाचे प्रकाशन सुरू केले. हे नाव एझ्रा पाउंड यांच्या विसाव्या 'कांतो'मधून घेतलेले. तेथे ते प्रोव्हांसाल कवी आर्नो दानिएल यांच्याकडून आलेले आणि अर्थ निश्चित न झालेला शब्द म्हणून येते. आपल्या गटाला दुर्बोध मध्ययुगीन शब्दाचे नाव देणाऱ्या कवींनी आपल्या कवितेसाठी मात्र सर्वांत 'सुबोध' टाइप निवडावा, यात विसंगती वाटण्याचे कारण नाही. शब्द हा अर्थ वाहून नेणारे पारदर्शक साधन नसून स्वतःचे वजन असलेली वस्तू आहे, हे दोन्ही निवडींमागील सूत्र एकच आहे. १९५५ मध्ये पिन्यातारी यांची उल्म येथे ऑयगेन गोमरिंगर यांच्याशी भेट झाली आणि ब्राझील व स्वित्झर्लंड येथे स्वतंत्रपणे चाललेले दोन प्रयोग एकाच नावाखाली आले. डिसेंबर १९५६ मध्ये साओ पाउलो येथे भरलेल्या राष्ट्रीय काँक्रीट कला प्रदर्शनात कविता चित्रांशेजारी भिंतीवर लागल्या. १९५८ मध्ये 'नोइगांद्रेस'च्या चौथ्या अंकात गटाचा जाहीरनामा आणि सुट्या पत्रकांवर छापलेल्या कविता एकत्र प्रसिद्ध झाल्या.

या कवितांतील ठळक फ्युचुराचे कार्य समजून घेण्यासाठी त्यांच्या पूर्वसूरींशी तुलना उपयुक्त ठरते. मालार्मे यांच्या १८९७ सालच्या फाशांच्या कवितेपासून पृष्ठाच्या अवकाशाचा काव्यगत वापर सुरू झाला, असे सर्वमान्य आहे. मालार्मे यांनी टाइपांचे आकार व वळणे बदलून कवितेतील सूत्रांची उतरंड लावली : मोठ्या कॅपिटल अक्षरांतील वाक्य हे प्रधान सूत्र, लहान अक्षरांतील वाक्ये ही त्याभोवतीची उपसूत्रे. मारिनेत्ती आणि इटालियन भविष्यवाद्यांनी टाइपांची गर्दीच केली. वळणांचा कोलाहल हा तेथे नगराच्या, युद्धाच्या आवाजाचा पर्याय झाला. दोन्ही ठिकाणी अर्थ टाइपांच्या *भिन्नतेतून* निघतो. नोइगांद्रेसच्या कवींनी नेमके याच्या उलट केले. एकच टाइप, एकच वजन, सहसा एकच आकार आणि केवळ स्मॉल अक्षरे. वळणांतील भेद शून्यावर आणला की शब्दाचे पृष्ठावरील *स्थान* हाच एकमेव भेद उरतो. वाक्यरचनेची जागा स्थानरचना घेते.

अगुस्तो यांच्या १९५६ सालच्या 'तेन्साँव' या कवितेत लहान अक्षरगट चौरसाकार मांडणीत एकमेकांसमोर उभे राहतात आणि वाचन कोठून सुरू करावे याचा निर्णय डोळ्यावर सोपवला जातो. आरोल्दो यांच्या १९५८ सालच्या 'नासेमोरे'मध्ये जन्म आणि मृत्यू यांची क्रियापदे उपसर्गांच्या साहाय्याने उलटसुलट होत त्रिकोणी रचनांत फिरतात. अशा रचनेत प्रत्येक अक्षर सारख्या वजनाचे असणे ही सजावटीची नव्हे, व्याकरणाची गरज आहे. कर्त्याला, क्रियापदाला वा ओळीच्या आरंभाला कॅपिटल अक्षराने दिलेला मान तेथे काढून घेतलेला आहे. लेखणीच्या जाड-बारीक लयीतून वाचकाला मिळणारी दिशाही काढून घेतलेली आहे. उरते ते एक समान क्षेत्र. त्यातील शब्द कोणत्याही दिशेने जोडता यावेत ही कवितेची अट, आणि ठळक फ्युचुरा ती अट पुरी करतो.

येथे तौलनिक अभ्यासाला महत्त्वाचा वाटावा असा एक मुद्दा पुढे येतो. केवळ स्मॉल अक्षरांत लिहिण्याचा संकेत या कवींनी मध्य युरोपातील नव-मुद्रणाकडून उचलला. बाउहाउसमध्ये हेर्बर्ट बायर यांनी १९२५ पासून एकाच प्रकारच्या अक्षरांचा पुरस्कार केला होता. परंतु जर्मन भाषेत प्रत्येक नाम कॅपिटल अक्षराने सुरू होते. तेथे कॅपिटल अक्षरे टाळणे म्हणजे नाम आणि इतर शब्दजाती यांच्यातील दृश्य भेद पुसणे होय. गोमरिंगर यांच्या जर्मन कवितेत हा सरळ व्याकरणातील हस्तक्षेप ठरतो. पोर्तुगीजमध्ये तसा नियम नाही. तेथे केवळ वाक्यारंभ आणि विशेषनाम यांचा मान हरपतो, म्हणजे हस्तक्षेप वाक्याच्या आणि व्यक्तीच्या अधिकारात होतो. टाइप तोच, संकेतही तोच, पण त्याचा आशय भाषेगणिक वेगळा. सार्वत्रिकतेचा दावा करणारे अक्षर दोन भाषांतही एकच अर्थ देऊ शकत नाही, ही गोष्ट काँक्रीट कवितेच्या आंतरराष्ट्रीयतेविषयीच्या उत्साही लेखनात बहुधा निसटते.

४. जाहिरात, स्मारक, निषेध

टाइपाचा अर्थ केवळ घडणीत नसतो. त्याच्या उपयोगांचा साठा त्यावर चढत जातो. फ्युचुराच्या बाबतीत हा साठा परस्परविरोधी आहे. १९३२ मध्ये रेनर यांनी नाझींच्या सांस्कृतिक धोरणावर टीका करणारी पुस्तिका झ्युरिक येथून प्रसिद्ध केली. १९३३ मध्ये त्यांना अटक झाली आणि म्युनिकच्या मुद्रणविद्यालयातील प्रमुखपद गेले. टाइप मात्र जर्मनीत चालू राहिला. ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमान यांच्या परिपत्रकाने फ्राक्टुर वळणालाच 'ज्यू' ठरवून रोमन वळण अधिकृत केले, तेव्हा अक्षराला वंश चिकटवणे किती स्वैर असते हे राजवटीने स्वतःच सिद्ध केले. फ्रान्समध्ये दबेर्नी-पेन्यो ओतशाळेने हाच टाइप 'युरोप' या नावाने विकला. भविष्याचे नाव तेथे भूगोलाचे झाले. अमेरिकेत 'व्होग', 'टेंपो', 'ट्वेंटिएथ सेंचुरी', 'स्पार्टन' या नावांनी त्याच्या स्पर्धक आवृत्त्या निघाल्या. १९५९ पासूनच्या फोक्सवागेन मोटारीच्या अमेरिकन जाहिरातींत कलादिग्दर्शक हेल्मुट क्रोने यांनी तो रिकाम्या पृष्ठाच्या तळाशी, शेवटी पूर्णविराम देऊन, जवळजवळ विधानासारखा वापरला. १९६९ मध्ये अपोलो-११ मोहिमेने चंद्रावर ठेवलेल्या धातूच्या फलकावरील मजकूरही फ्युचुरातच आहे. समस्त मानवजातीच्या नावाने लिहिलेला तो मजकूर एका भाषेत, एका लिपीत आणि एका राष्ट्राध्यक्षाच्या सहीनिशी आहे; सार्वत्रिकतेच्या दाव्यामागे नेहमी कोणाचा तरी पत्ता असतो, याचे यापेक्षा नेमके उदाहरण सापडणे कठीण.

या पार्श्वभूमीवर पिन्यातारी यांची १९५७ सालची 'बेबा कोका कोला' ही कविता पाहावी. पेयाच्या जाहिरातीतील आज्ञार्थी वाक्य घेऊन, त्यातील अक्षरांची अदलाबदल करत कविता लाळ, कचरा असे करत शेवटी गटार या अर्थाच्या एका शब्दावर येऊन थांबते. ती लाल पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत छापली गेली. पेयाच्या वळणदार, हस्तलिखितासारख्या नाममुद्रेची नक्कल येथे मुद्दाम टाळली आहे. रंग जाहिरातीचा ठेवला, अक्षर बदलले. त्या नाममुद्रेच्या वळणांत जे आर्जव आहे ते ठळक फ्युचुराने खरवडून काढले आणि उरली ती नुसती आज्ञा. उपहास येथे शब्दांच्या अदलाबदलीइतकाच टाइपात आहे. हीच कविता दुसऱ्या वळणात छापली तर अक्षरांचा खेळ शिल्लक राहील, पण जाहिरातीचे सोंग उतरवण्याची क्रिया नाहीशी होईल.

तीन दशकांनंतर न्यू यॉर्कमध्ये बार्बरा क्रूगर यांनी जवळजवळ हीच सामग्री वेगळ्या मार्गाने गाठली. नियतकालिकांच्या सजावटीचे काम केलेल्या क्रूगर यांनी कृष्णधवल छायाचित्रांवर लाल पट्ट्यांत तिरप्या ठळक फ्युचुरातील वाक्ये बसवली. खरेदी हेच अस्तित्वाचे प्रमाण मानणाऱ्या समाजावरील १९८७ सालची कृती आणि स्त्रीच्या शरीराला रणभूमी म्हणणारे, एप्रिल १९८९ मधील वॉशिंग्टनच्या मोर्चासाठी केलेले भित्तिपत्रक ही त्यांतील विशेष परिचित उदाहरणे. पिन्यातारी यांनी जाहिरातीतून आवाज काढून घेतला. क्रूगर यांनी जाहिरातीचा आवाज घेऊन तो 'तू' आणि 'मी' या सर्वनामांच्या तोंडी दिला. परंतु १९९४ मध्ये स्थापन झालेल्या 'सुप्रीम' या वस्त्रविक्रेत्या संस्थेने लाल चौकटीतील पांढरा तिरपा फ्युचुरा आपली नाममुद्रा म्हणून स्वीकारला, आणि बाजारावरील टीकेचे अक्षर पुन्हा बाजारात गेले. टाइपाला स्वतःची बाजू नसते, हे यावरून म्हणता येईल. पण त्याहून अचूक विधान असे की टाइपाला स्मृती असते आणि प्रत्येक नवा वापर त्या स्मृतीशी काही तरी व्यवहार करतो. सोस्यूर यांच्या मांडणीत या व्यवहाराला जागा नाही.

५. देवनागरीचा उंबरठा

काँक्रीट कविता अनुवादाशिवाय सीमा ओलांडते, असा समज तिच्या प्रसाराच्या काळात प्रबळ होता. १९६७ मध्ये एमेट विल्यम्स यांनी आणि १९६८ मध्ये मेरी एलेन सोल्ट यांनी संपादित केलेल्या संग्रहांनी तो अधिक दृढ केला. भाषा ओलांडल्या गेल्या हे खरे. परंतु त्यांतील बराच मोठा प्रवास रोमन लिपीच्या अंगणातच झाला. जपानी प्रयोगांचा सन्मान्य अपवाद सोडला तर लिपी ओलांडण्याचा प्रश्न बाजूलाच राहिला. देवनागरीच्या संदर्भात तो टाळता येत नाही.

पहिली अडचण दृश्य घडणीची. देवनागरीचे मुद्राक्षर बोरूच्या तिरक्या कापातून आलेल्या जाड-बारीक रेषांवर उभे आहे. निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांपर्यंत ही परंपरा अखंड दिसते, आणि बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्रणावरील आपल्या बृहद्ग्रंथात तिच्या तांत्रिक गुंतागुंतीचे सविस्तर विवेचन केले आहे. शिरोरेखा अक्षरांना वरून बांधते; रोमन ठळक अक्षर जसे सुटी वस्तू म्हणून कागदावर बसते तसे देवनागरी अक्षर बसत नाही. वर मात्रा, खाली उकार, आणि 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध' यांसारख्या जोडाक्षरांतील गाठी यांमुळे रेषा जाड करण्यास मर्यादा पडते. तरीही भौमितिक देवनागरी अशक्य नाही. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'पॉपिन्स' या संचात निनाद काळे यांनी देवनागरीची आणि जॉनी पिनहॉर्न यांनी रोमनची बाजू रेखाटली. एकसारख्या जाडीची रेषा आणि वर्तुळाकार पोट ही फ्युचुराच्या कुळातील लक्षणे तेथे देवनागरीत अनेक वजनांत उतरली. 'ठ', 'व', 'ब' यांना वर्तुळ मानवते. 'ळ', 'झ', 'क्ष' यांच्यापाशी रेखाटणाऱ्याला डोळ्याशी वाटाघाट करावीच लागते. म्हणजे रेनर यांना जी तडजोड करावी लागली तीच येथे, वेगळ्या अक्षरांपाशी, पुन्हा करावी लागते.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. कॅपिटल आणि स्मॉल हा भेदच देवनागरीत नाही. जर्मनमध्ये व्याकरण आणि पोर्तुगीजमध्ये वाक्याधिकार मोडणारा तो संकेत मराठीत निरर्थक होतो. जे मुळात नाही ते नाकारता येत नाही. मराठी अनुवादकाला त्याच्या तोडीचा दुसरा नकार शोधावा लागेल. शिरोरेखा काढून टाकणे हा त्यांतील एक पर्याय आहे; शब्दाला शब्दपण देणारी रेषा गेली की अक्षरे सुटी होतात आणि वाचक अडखळतो. परंतु गुजराती लिपीच्या शेजारात वावरलेल्या वाचकाला शिरोरेखेचा अभाव क्रांतिकारक वाटेल की जुना वाटेल, हे सांगणे सोपे नाही.

तिसरी अडचण ही वस्तुतः संधी आहे. पिन्यातारी यांची कविता वर्णांच्या अदलाबदलीवर चालते. रोमनमध्ये स्वर आणि व्यंजन समान दर्जाचे, सुटे खिळे असतात. देवनागरीतील घटक अक्षर आहे, वर्ण नव्हे. 'कोला' या शब्दातील अक्षरे उलटी केली तर 'लाको' असा निरर्थक गट मिळतो. पण मात्रा आणि काना आपापल्या जागी ठेवून केवळ व्यंजने बदलली तर 'लोका' मिळते : संतांच्या वाणीतील संबोधनाची आठवण करून देणारे रूप. 'कोका'तील दुसरे अक्षर आणि 'कोला'तील दुसरे अक्षर जोडले तर 'काला' होतो, आणि पेयाच्या जाहिरातीतून वाटून खाण्याचा मराठी प्रसाद बाहेर येतो. गटारापर्यंत जाणारी पोर्तुगीज वाट येथे बंद आहे. पण मात्रा स्थिर आणि व्यंजन चल अशी, रोमन लिपीला अनुपलब्ध असलेली, एक क्रिया उपलब्ध आहे. आरोल्दो द कांपोस यांनी अनुवादासाठी पुरस्कारलेली पुनर्सर्जनाची कल्पना नेमकी येथे कामास येते : आशयाचा नव्हे, तर आशय निर्माण करणाऱ्या रचनाक्रियेचा अनुवाद.

मराठीच्या संदर्भात ही चर्चा हवेतली नाही. अरुण कोलटकर हे कवी होते आणि जाहिरात क्षेत्रातील मान्यवर ग्राफिक डिझायनरही. १९५४ मध्ये सुरू झालेल्या 'शब्द' या चक्रमुद्रित अनियतकालिकापासून 'क्लिअरिंग हाउस'ने १९७६ साली काढलेल्या 'जेजुरी'पर्यंत पुस्तकाचा देह ही त्यांच्या दृष्टीने कवितेबाहेरची बाब नव्हती. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी कवी, सुलेखनकार आणि जाहिरात-कलावंत या भूमिका एकत्र वागवल्या आणि पुढे संगणकासाठी 'मंगल' या देवनागरी टंकाची रचना केली. जाहिरात व्यवसायाची जाण आणि कविता यांचा पिन्यातारी यांच्याशी समांतर असा हा योग आहे. फरक असा की साओ पाउलोच्या कवींना वस्तुनिष्ठ, तयार टाइप बाजारात मिळाला. मराठी कवीला देवनागरीत तसा टाइप त्या काळी उपलब्ध नव्हता. म्हणून मराठीतील दृश्य प्रयोग हाताकडे, सुलेखनाकडे झुकला. एकीकडे हात पुसणारी कविता, दुसरीकडे हात मिरवणारी. हा केवळ वृत्तीचा भेद मानणे अपुरे आहे. तो ओतशाळांच्या इतिहासाचाही भेद आहे.

६. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, फ्युचुराची भूमिती ही प्रमेय नसून प्रत्यय आहे. डोळ्याला शुद्ध वाटावे म्हणून ती ठिकठिकाणी दुरुस्त केलेली आहे, आणि ठळक वजनात ही दुरुस्तीच अक्षराला वस्तुरूप देते. दोन, काँक्रीट कवितेत हे वस्तुरूप संहितेच्या आत आहे; ते वाक्यरचनेचे काम करते. तीन, त्याचा आशय भाषेनुसार आणि लिपीनुसार बदलतो, म्हणून 'आंतरराष्ट्रीय' टाइप ही संज्ञा समीक्षेने जपून वापरावयास हवी.

यातून अभ्यासाच्या व्यवहारासाठी काही निष्पन्न होते. ही कविता पाठ्यपुस्तकांत आणि निवडक संग्रहांत जेव्हा कोणत्याही हाताशी असलेल्या टाइपात पुन्हा जुळवली जाते, तेव्हा विद्यार्थ्यासमोर येते ती कवितेची शब्दसूची, कविता नव्हे. छंदोबद्ध रचना गद्यात छापून तिला मूळ संहिता म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. येथे मात्र तेच नित्य घडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा संहितेच्या संपादनात टाइप, वजन, आकार आणि रंग यांची नोंद पाठभेदांइतकीच आवश्यक मानली पाहिजे, आणि अनुवादकाने आपण कोणत्या दृश्य संकेताच्या जागी कोणता संकेत योजला हे सांगितले पाहिजे. खिळा हा छापखान्याचा विषय आहे, हे खरेच. पण ज्या कवितेने आपले व्याकरणच खिळ्यावर सोपवले, तिच्या वाचकाला छापखान्यात जावे लागते.